कंबरदुखी आणि मानदुखी : कारणे, गैरसमज व उपचार

कंबर धरणे, पाठीत उसण भरणे, मान अवघडणे या तक्रारी कोणालाच नाहीत असे घर आपल्या वस्तीत शोधूनही सापडणार नाही. २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या पुढे जाईल, असा तज्ज्ञांचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. माणसाचा जीव न घेता त्याला वर्षानुवर्षे अधू करून ठेवणाऱ्या सर्व विकारांत कंबरदुखीचा क्रमांक पहिला लागतो.

आपल्या दृष्टीने या विषयाला आणखी एक बाजू आहे. आपल्यातील कितीतरी बंधू-भगिनी अंगमेहनतीवर घर चालवितात. कोणी बांधकामावर, कोणी मार्केटमध्ये हमालीवर, कोणी सफाई खात्यात, तर कोणी चार घरची धुणीभांडी करते. अशा माणसाची कंबर गेली की रोजंदारी बुडते आणि मुलांच्या शिक्षणाला पहिली कात्री लागते. त्यातच एक्स-रे, एम.आर.आय., पट्टे, इंजेक्शने, मालिशवाले यांवर हजारो रुपये खर्च होतात आणि दुखणे तिथेच राहते. प्रस्तुत लेखात तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या, म्हणजेच जुनाट दुखण्याचा मुख्यत्वे विचार केला आहे. अशा बहुतेक रुग्णांचा कणा मोडलेला नसतो, त्याला हालचालीची गरज असते. हे समजले नाही म्हणून माणूस नाहक अधू होतो.

कण्याची रचना

मानेत ७, पाठीत १२ आणि कमरेत ५ असे २४ सुटे मणके एकावर एक रचलेले असतात. त्यांच्या खाली माकडहाडापर्यंतचे मणके एकमेकांत जुळून गेलेले असतात. सुट्या मणक्यांच्या मध्ये कूर्चेच्या चकत्या असतात. बोलण्यात आपण त्यांनाच ‘गादी’ म्हणतो. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली येतो व दोन-दोन मणक्यांच्या मधून नसा बाहेर पडून हातापायांत जातात. या सर्वांना स्नायू आणि अस्थिबंध आवळून धरतात.

‘गादी सरकली’ या शब्दाने फार घोटाळा केला आहे. चकती ही ओल्या साबणाच्या वडीसारखी सटकत नाही. ती वरच्या व खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. फार तर तिचे बाहेरचे कडे फाटून आतला मऊ गर बाहेर डोकावतो. तो जवळच्या नसेला लागला तर कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत, कधी पावलापर्यंत कळ जाते व मुंग्या येतात. यालाच सायटिका म्हणतात. हा प्रकार मिक्स्टर आणि बार या अमेरिकन डॉक्टरांनी १९३४ साली नीट उलगडून दाखविला. पुढे मात्र झाले असे की, पाठीच्या प्रत्येक दुखण्याचे खापर चकतीवर फुटू लागले.

प्रौढ माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचे पोषण शेजारच्या हाडातून पाझरणाऱ्या द्रवावर चालते. पुढे उपचारांचा विचार करताना ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण हा द्रव खेळता राहण्यास हालचाल उपयोगी पडते.

‘मणक्यात गॅप’ म्हणजे काय ?

दवाखान्यातून येणारा माणूस फिल्मची पिशवी दाखवून सांगतो, “डॉक्टर म्हणाले, मणक्यात गॅप आहे.” वास्तविक फिल्मवर बहुधा अंतर वाढलेले नसून कमी झालेले असते, कारण वयानुसार चकती सुकते व तिची उंची घटते. पण ‘गॅप’ हा शब्द ऐकल्यापासून त्या माणसाला आपली कंबर कधीही निखळेल असे वाटू लागते.

यासंबंधी १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावा. ज्यांची कंबर मुळीच दुखत नव्हती अशा ९८ लोकांचे एम.आर.आय. काढण्यात आले. त्यांतील ५२ टक्के लोकांची एक तरी चकती फुगलेली निघाली आणि केवळ ३६ टक्के लोकांच्या सर्व चकत्या निर्दोष होत्या. २०१५ साली अशा अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. त्यात दुखणे नसलेल्या विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातील ९६ टक्के लोकांत चकतीची झीज दिसून आली. म्हणजे केस पिकावेत तशा चकत्याही वयाने पिकतात. मानेच्या बाबतीत ‘स्पॉन्डिलोसिस’ हा भारदस्त शब्द पुष्कळदा याच पिकण्याला दिलेला असतो.

याचा अर्थ एम.आर.आय. निरुपयोगी आहे असा मात्र नाही. पुढे सांगितलेली धोक्याची चिन्हे असतील, किंवा शस्त्रक्रियेचा विचार करावयाचा असेल, तेव्हा तो हवाच. पण साध्या कंबरदुखीला पहिल्याच आठवड्यात केलेली तपासणी रुग्णाच्या हाती बहुधा फक्त भीती देते.

मग दुखते कशाने ?

कंबरदुखीच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे नव्वद जणांत अमुकच एक हाड, चकती वा नस बिघडली आहे असे बोट ठेवून सांगता येत नाही. कारणे अनेक असतात आणि ती एकमेकांत मिसळलेली असतात. सवय नसताना एकाएकी केलेले जड काम, एकाच स्थितीत तासन् तास बसणे किंवा उभे राहणे, एस.टी. वा ट्रकच्या चालकाला दिवसभर बसणारे हादरे, व्यायामाचा अभाव, वाढलेले वजन, विडी-सिगारेट हे सर्व त्यात आले. अपुरी झोप, कर्जाची चिंता, घरातील ताण, नोकरीतील मानहानी यांचाही त्यात मोठा वाटा असतो. हे वाचून कोणी ‘म्हणजे दुखणे मनाचे खेळ’ असे समजू नये. दुखणे खरेच असते.

नवे दुखणे बहुधा काही आठवड्यांत ओसरते, पण काहींच्या बाबतीत मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते. घरात एकदा चोरी झाली की राखणीचे कुत्रे वाऱ्याने हललेल्या पानावरही भुंकते, तसे हे आहे. स्नायूची दुखापत भरून येते, पण इशारा देणारी यंत्रणा शांत होत नाही. त्यात माणूस घाबरून हालचाल टाळतो. मग स्नायू दुबळे होतात, थोड्या कामानेही दुखू लागते आणि भीती अधिकच वाढते. या चक्रात अडकलेली माणसे चाळिशीतच म्हातारी झालेली आपण पाहतो.

बाळंतीण स्त्रियांच्या एका समजुतीचा उल्लेख येथे करणे भाग आहे. सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या इंजेक्शनमुळे जन्माची कंबरदुखी लागली, असे घरोघर ऐकू येते. टोचलेल्या जागी काही दिवस दुखू शकते. परंतु बाळंतपणात पाठीतील भूल घेतलेल्या व न घेतलेल्या स्त्रियांचा पुढे तपास केला असता, जुनाट कंबरदुखीच्या प्रमाणात फरक आढळला नाही. गरोदरपणात ताणलेले पोटाचे स्नायू, रात्रीची जागरणे, वाकून मूल उचलणे, त्याला कडेवर वागविणे आणि स्वतःच्या खाण्याकडे झालेले दुर्लक्ष यांचा विचार आधी केला पाहिजे.

दुखणे आणि मन

शरीराच्या वेदनेचा विषय आपल्या वाचकांना अगदीच नवा नाही. कपिलवस्तूच्या नव्या सभागृहात शाक्यांना रात्री उशिरापर्यंत उपदेश केल्यावर, पाठ दुखत असल्याने तथागतांनी पुढील उपदेश आनंदांवर सोपविला आणि स्वतः आडवे झाले, असे मज्झिम निकायातील सेख सुत्तात आले आहे. संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा आणि दुसरा त्यावरून मनाने केलेल्या आकांताचा. जुनाट दुखण्याचे आजचे शास्त्र ज्या वाटेने चालले आहे, तिच्याशी हा दृष्टान्त चांगलाच जुळतो.

डॉ. जॉन काबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सजगतेच्या साधनेवर आधारलेला आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केला. त्यात जुनाट दुखण्याचे रुग्ण बरेच होते. २०१६ साली जुनाट कंबरदुखीच्या ३४२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, नेहमीच्या उपचारांपेक्षा या साधनेने दुखणे व हालचालीतील अडचण कमी झाल्याचे दिसले. लाभ मध्यम प्रतीचा होता, चमत्कार नव्हता, हेही सांगितले पाहिजे. आणि ध्यानाला बसणाऱ्यांनी एक पाहावे. मांडी घालून तासभर बसता येत नसेल तर खुर्ची घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही.

ही चिन्हे असतील तर थांबू नये

शंभरातील थोड्या रुग्णांत दुखण्यामागे गंभीर आजार असतो. लघवी अडकणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतील भाग व बैठकीची जागा बधिर होणे, पाय वा हात लुळा पडू लागणे, यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी मोठे इस्पितळ गाठावे. येथे तासांचा हिशेब असतो. मानदुखीबरोबर चालताना तोल जाऊ लागला, बोटांनी शर्टाची बटणे लावता येईनाशी झाली, तर मज्जारज्जूवर दाब येत असण्याचा संभव असतो. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे, पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाचे दुखणे, पाळी गेल्यानंतर साध्या धक्क्यानेही पाठीत उठलेली तीव्र कळ, ही सर्व तपासून घ्यावीत. विशी-तिशीच्या तरुणाची कंबर सकाळी अर्धा तासाहून अधिक ताठ राहते, रात्री दुखते आणि चालल्या-फिरल्यावर बरी वाटते, असे महिनोन् महिने चालले असेल, तर तो सांध्यांचा विशिष्ट वात असू शकतो. त्यावर आज चांगली औषधे आहेत.

आपल्या देशात या यादीत सर्वांत महत्त्वाचा आजार म्हणजे मणक्याचा क्षय. खोकला नाही म्हणून टी.बी. नाही, असे मानण्याची चूक फार होते. दुखणे हळूहळू वाढत जाते, विश्रांतीनेही थांबत नाही, रात्री अधिक छळते. संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणे, अन्नावरची वासना उडणे ही त्याची सोबती लक्षणे असली तरी प्रत्येकात ती असतीलच असे नाही. उशीर झाला तर मणका खचून कुबड येते आणि पाय लुळे पडतात. इंग्लंडचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली या लुळेपणाचे वर्णन केले, म्हणून त्याला पॉटचा आजार असेही म्हणतात. एके काळी प्रत्येक रुग्णाची शस्त्रक्रिया करावी असे म्हणणारा एक पक्ष होता आणि केवळ औषध व विश्रांतीवर भर देणारा दुसरा. वाराणसीचे डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध करून दाखविले की, बहुसंख्य रुग्ण औषधांनी बरे होतात व शस्त्रक्रिया निवडक रुग्णांनाच लागते. त्यांनी आपल्या पद्धतीला नावच ‘मध्यम मार्ग’ या अर्थाचे दिले होते !

ही औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात आणि मणक्याच्या क्षयासाठी ती साधारणपणे वर्ष ते दीड वर्ष घ्यावी लागतात. दोन-तीन महिन्यांत बरे वाटले म्हणून ती सोडणे घातक ठरते. उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी मिळणारे सरकारी साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये करण्यात आले. आपल्या कार्यकर्त्यांनी रुग्णाची नोंद झाली आहे ना, हे जातीने पाहावे.

उपचार : अंथरूण की चालणे ?

पूर्वी कंबर धरली की लाकडी फळीवर तीन आठवडे झोपवून ठेवीत. १९८६ साली अमेरिकेत २०३ रुग्णांवर केलेल्या चाचणीत दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांच्या विश्रांतीइतकीच गुणकारी ठरली. १९९५ साली फिनलंडमध्ये तर झेपेल तेवढे नेहमीचे काम करीत राहिलेले लोक, अंथरुणावर पडून राहिलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले. फळीचा आग्रह आता सोडून द्यावा. ज्या गादीवर झोप लागते ती गादी चांगली.

चालणे हा सर्वांत स्वस्त व्यायाम. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांवर झालेली चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. हळूहळू वाढवीत, आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्याचे उद्दिष्ट ज्यांना दिले होते, त्यांचे दुखणे परत येण्यास सरासरीने २०८ दिवस लागले. इतरांना ११२ दिवस. प्रारंभ दहा मिनिटांनी केला तरी चालेल.

चालण्याला थोड्या व्यायामांची जोड द्यावी. उताणे पडून गुडघे दुमडावेत व कंबर सावकाश वर उचलून पाच मोजेपर्यंत धरावी. एकेक गुडघा छातीशी ओढावा. हातापायांवर ओणवे होऊन मांजरीसारखी पाठ वर-खाली करावी. पालथे पडून कोपरांवर छाती उचलावी. मात्र त्याने पायात कळ जात असेल तर हा प्रकार सोडावा. मानेसाठी, हनुवटी आत ओढून मान सरळ करावी आणि कपाळाला तळहाताचा विरोध देऊन डोके जागच्या जागी दाबावे. प्रत्येक प्रकार दहा वेळा, दिवसातून एक-दोनदा पुरे. आरंभी थोडे दुखेल. दुसऱ्या दिवसापर्यंत ते शमत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. आठ ते बारा आठवडे नेमाने केल्याशिवाय व्यायामाला नावे ठेवू नयेत. योगासनेही उपयोगी आहेत, पण शिकविणारा जाणता असावा.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. रुग्णाला नीट माहिती देणे, व्यायाम, मानसोपचारातील काही पद्धती, मालिश व दाहशामक गोळ्या यांचा त्यांत समावेश आहे. कमरेचे पट्टे, वजने लावून ताण देणे आणि अफूवर्गीय वेदनाशामके यांची नेहमीसाठी शिफारस करू नये, असेही त्यांत स्पष्ट म्हटले आहे. मानेच्या कॉलरचेही तसेच. महिनोन् महिने ती घातली की मानेचे स्नायू आयते बसून दुबळे होतात. शेकाने बरे वाटते, तो जरूर घ्यावा. दाहशामक गोळ्या मात्र थोडे दिवस व डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा वा पोटातील व्रणाचा आजार असलेल्यांनी तर स्वतःच्या मनाने एकही घेऊ नये. नाव-गाव नसलेल्या ‘वाताच्या पुड्यां’पासून सावध राहावे. त्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. अशा पुडीने चार दिवस जादूसारखा आराम पडतो आणि पुढे हाडे ठिसूळ होतात.

पायाळू माणसाने पाय लावला की उसण जाते, ही समजूत आजही आहे. उसण बहुधा आपोआप उतरत असल्याने तिचे श्रेय पायाळूला, मांत्रिकाला, मलमाला, ज्याला द्यावे त्याला मिळते. हसून सोडून देता येईल अशी ही गोष्ट आहे. परंतु ‘मणका बसविणाऱ्या’ अशिक्षित माणसाच्या हाती मान देणे धोक्याचे आहे, आणि त्या मणक्यात क्षय असेल तर विचारूच नये.

शस्त्रक्रियेबद्दल थोडेसे. नुसत्या कंबरदुखीला तिचा क्वचितच उपयोग होतो; पायात जाणाऱ्या असह्य कळेला होतो. नेदरलँड्समधील २८३ सायटिका रुग्णांच्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षअखेर दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, हेही त्यात आहे. म्हणून पाय लुळा पडत नसेल तर घाई करू नये आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे.

काम करणाऱ्यांसाठी

‘जड उचलू नका, वाकू नका’ असे चिठ्ठीवर लिहून देणे सोपे आहे. ऊसतोडीवरच्या बाईने मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे नाही, तर करायचे काय ? नुसते ओझे उचलण्याचे ‘शास्त्रशुद्ध तंत्र’ शिकविल्याने कंबरदुखी टळते, याला पुरावाही मिळालेला नाही. ओझेच कमी करणे, दोघांनी मिळून उचलणे, ढकलगाडी वापरणे, कामात आलटून पालटून बदल करणे हे खरे उपाय आहेत. सिमेंटची ५० किलोची गोणी एकट्याच्या पाठीवर देणाऱ्या मुकादमाला हे सांगण्याची जबाबदारी संघटनेची आहे. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला तो हमालांच्या चळवळीमुळेच. घरकाम करणाऱ्या भगिनींनी लांब दांड्याचा झाडू व पोछा मागून घ्यावा, कपडे पाटावर ठेवून धुण्याऐवजी शक्य तेथे उभ्याने धुवावेत. या मागण्या क्षुल्लक वाटतात, पण रोज चार घरी चार-चार वेळा वाकणे त्यांनी वाचते.

विद्यार्थ्यांसाठी

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींत मानदुखी वाढलेली दिसते. माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. मान खाली झुकली की ते पेलणाऱ्या स्नायूंवर कितीतरी अधिक ताण येतो. मोबाईलमुळे मणके कायमचे वाकडे होतात असे जे छापून येते त्याला मात्र आधार नाही. त्रास होतो तो एकाच स्थितीत फार वेळ राहिल्याने. अगदी आदर्श बैठकीतही तीन तास बसले तर मान दुखणारच. अर्ध्या तासाने उठावे, खांदे फिरवावेत, पाणी पिऊन यावे. जमिनीवर बसून वाचायचे झाल्यास पुस्तक मांडीवर न ठेवता पाट किंवा पेटी समोर घेऊन तिच्यावर टेकवावे. लहान मुलांच्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात म्हटले आहे. ते पालकांनी एकदा काट्यावर करून पाहावे. आणि फळ्यावरचे किंवा पुस्तकातले अक्षर दिसण्यासाठी मान पुढे काढावी लागत असेल, तर मानेच्या व्यायामाआधी डोळे तपासून घ्यावेत.